शनिवार-रविवारची मुंबई : परभणीकर दाम्पत्यासाठी दोन दिवसांचे नियोजन

परभणी जिल्ह्यातील माणूस मुंबईला जातो तो बहुधा कामासाठी. मंत्रालयात अडलेली फाईल, परळच्या टाटा किंवा केईएम रुग्णालयातील उपचार, एखादी मुलाखत, नाही तर नातेवाइकाचे लग्न. काम आटोपले की रात्रीची गाडी धरून तो परत फिरतो. त्यामुळे पतीने मुंबईच्या दहा फेऱ्या केलेल्या आणि पत्नीने समुद्र एकदाही पाहिलेला नाही, असे चित्र अनेक घरांत आढळते. दोघांनी मिळून केलेला प्रवास म्हणावा तर तो पंढरपूर, शिर्डी वा तिरुपतीचा; तोही कुटुंबकबिल्यासह. केवळ शहर पाहण्यासाठी आणि तिथले चार पदार्थ चाखण्यासाठी दोघांनीच मुंबई गाठावी, ही कल्पना आता आता रुजू लागली आहे.

या कल्पनेला दोन गोष्टींची मदत झाली. राज्य शासनाच्या कार्यालयांना २९ फेब्रुवारी २०२० पासून पाच दिवसांचा आठवडा लागू झाला आणि शनिवार-रविवार सलग मोकळा मिळू लागला. दुसरी गोष्ट जुनीच आहे. परभणीहून मुंबईला जाणाऱ्या रात्रीच्या गाड्या थेट छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसला म्हणजे सीएसएमटीला पोहोचतात आणि मुंबईतील पाहण्याजोगी बहुतेक जुनी ठिकाणे याच स्थानकापासून दोन-तीन किलोमीटरच्या आत आहेत. दोन दिवसांची सहल फसते ती मुंबई मोठी असल्यामुळे नव्हे, तर दोन दिवसांत सगळी मुंबई पाहण्याच्या अट्टहासामुळे. जुहू, बोरिवली, पवई आणि गेटवे एकाच यादीत आले की निम्मा वेळ वाहनात जातो. स्थानक हा मध्यबिंदू धरून आखणी केली, तर हीच सहल सुखाची होते.

मनमाडचा मुक्काम संपला

परभणी ते मुंबई हे रेल्वेचे अंतर सुमारे साडेपाचशे किलोमीटर आहे. निजामाच्या काळात, एकोणिसावे शतक सरता सरता हैदराबाद ते मनमाड हा लोहमार्ग टाकण्यात आला. तो मीटरगेज होता. मनमाडहून मुंबईकडे जाणारा मार्ग ब्रॉडगेज असल्याने मराठवाड्यातील प्रवाशाला मनमाडला उतरून सामानासह दुसरी गाडी पकडावी लागे. मनमाडच्या फलाटावर काढलेल्या रात्रींच्या आठवणी जुन्या पिढीकडून आजही ऐकायला मिळतात. १९९० च्या दशकात या मार्गाचे ब्रॉडगेजमध्ये रूपांतर झाले आणि परभणीत झोपलेला प्रवासी मुंबईत जागा होऊ लागला.

शनिवार-रविवारच्या सहलीसाठी नंदिग्राम आणि देवगिरी या दोन एक्स्प्रेस गाड्या सोयीच्या आहेत. शुक्रवारी सायंकाळनंतर परभणी सोडून त्या शनिवारी सकाळी मुंबईत पोहोचतात. परतीसाठी रविवारी रात्री सीएसएमटीहून सुटणारी देवगिरी उपयोगी पडते; ती सोमवारी सकाळी परभणीत येते. तपोवन एक्स्प्रेसचा प्रवास दिवसाचा असल्याने तिने गेल्यास एक पूर्ण दिवस गाडीतच जातो. ऑगस्ट २०२५ मध्ये नांदेडपर्यंत वाढविण्यात आलेली वंदे भारत वेगवान आहे. मात्र तीही दिवसाच धावते. ज्यांच्याकडे तीन दिवस आहेत, त्यांनी एका बाजूच्या प्रवासासाठी तिचा विचार करावा.

रेल्वेचे आरक्षण १ नोव्हेंबर २०२४ पासून साठ दिवस आधी खुले होते. दिवाळी, उन्हाळी सुटी आणि सलग सुट्यांच्या काळात या दोन्ही गाड्यांची प्रतीक्षायादी लवकर वाढते. ६ डिसेंबरला महापरिनिर्वाणदिनी चैत्यभूमीवर अभिवादनासाठी मराठवाड्यातून अनुयायी मोठ्या संख्येने जातात. त्या आठवड्यात केवळ पर्यटनाचा बेत ठेवू नये. मनमाड ते परभणी मार्गाचे दुहेरीकरण अद्याप पूर्ण झालेले नसल्याने क्रॉसिंगसाठी गाडी खोळंबणे नित्याचे आहे. सोमवारी सकाळी कार्यालयात वेळेवर हजर राहणे अनिवार्य असल्यास अर्ध्या दिवसाची रजा आधीच टाकून ठेवलेली बरी.

मुक्काम कोठे करावा

पूर्वी परभणीकरांचा मुंबईतील ठरलेला पत्ता म्हणजे आमदार निवास. आमदारांचे पत्र घेऊन जायचे आणि मिळेल त्या खोलीत पथारी पसरायची, ही ग्रामीण महाराष्ट्राची जुनी रीत. कामासाठी गेलेल्या चार पुरुषांना ती चालून जाते. दाम्पत्याच्या सहलीला नाही. त्यांनी सीएसएमटी, फोर्ट किंवा चर्चगेट परिसरातील साधे पण स्वच्छ लॉज आधी आरक्षित करावे. उपनगरात खोली थोडी स्वस्त मिळते. परंतु रोजच्या जाण्या-येण्यात गेलेला वेळ आणि पैसा पाहता ती महागच पडते. खोलीसाठी दोघांचेही मूळ ओळखपत्र सोबत हवे. फक्त पतीचे आधार कार्ड दाखवून भागत नाही.

गाडी सकाळी लवकर पोहोचते आणि लॉजची खोली अनेकदा दुपारी बाराला मिळते, हा पेच बहुतेकांपुढे येतो. आरक्षण करतानाच लवकर प्रवेश मिळेल का, याची विचारणा करावी. तशी सोय नसेल तर स्थानकावरील प्रतीक्षालयात आवरून सामान क्लोकरूममध्ये ठेवता येते. त्यासाठी बॅगेला कुलूप असणे आवश्यक आहे.

परभणीकरांना सवयीची असलेली रिक्षा येथे मिळणार नाही, हेही ध्यानात ठेवावे. वांद्रे आणि सायनच्या दक्षिणेला मुंबई शहरात रिक्षांना परवानगी नाही. तेथे काळी-पिवळी टॅक्सी, बेस्टची बस, लोकल आणि आता मेट्रो ही साधने आहेत. टॅक्सीत बसताना मीटर टाकण्यास सांगावे. फोर्टमधील बहुतेक अंतरे चालण्याजोगी असल्याने सर्वांत महत्त्वाचे वाहन म्हणजे पायातील चप्पल. ती नवी कोरी असू नये.

शनिवार सकाळ : गेटवे आणि घारापुरी

पहिला दिवस समुद्राला द्यावा. गेटवे ऑफ इंडियाची पायाभरणी ३१ मार्च १९११ रोजी झाली. राजे पंचम जॉर्ज आणि राणी मेरी यांच्या भेटीचे स्मारक म्हणून ही कमान उभारण्याचे ठरले. मात्र ती पूर्ण होऊन ४ डिसेंबर १९२४ रोजी खुली झाली. वास्तुविशारद जॉर्ज विटेट यांनी तिच्या रचनेत गुजरातेतील सोळाव्या शतकाच्या वास्तुशैलीचा आधार घेतला. ज्या राजाच्या स्वागतासाठी ही कमान बांधली, त्याच्या साम्राज्याची अखेरची पलटण २८ फेब्रुवारी १९४८ रोजी याच कमानीतून मायदेशी गेली. समोर १९०३ मध्ये सुरू झालेले ताजमहाल हॉटेल आहे. शेजारच्या उद्यानातील छत्रपती शिवाजी महाराजांच्या अश्वारूढ पुतळ्याचे अनावरण २६ जानेवारी १९६१ रोजी झाले. महाराष्ट्र राज्य स्थापन होऊन तेव्हा वर्षही झाले नव्हते.

गेटवेच्या धक्क्यावरून घारापुरीच्या बोटी सकाळी सुटू लागतात. सुमारे दहा किलोमीटरच्या या जलप्रवासाला तासभर लागतो. वेरूळ पाहिलेल्या मराठवाड्यातील पर्यटकाला घारापुरीची लेणी लहान वाटतील. पण तेथील सुमारे वीस फूट उंचीची सदाशिवाची त्रिमुखी मूर्ती पाहून तुलना आपोआप थांबते. सहाव्या शतकाच्या आसपास कोरलेली ही लेणी १९८७ पासून जागतिक वारसा यादीत आहेत. जिंतूर तालुक्यातील चारठाण्याच्या मंदिरांचे कोरीव खांब पाहिलेल्यांना शिल्प नवे नाही. येथे नवी आहे ती खडकाला लागून असलेली खारी हवा आणि पोर्तुगीज काळापासून झालेल्या मोडतोडीच्या खुणा.

धक्क्यापासून लेण्यांपर्यंत शंभरहून अधिक पायऱ्या आहेत. गुडघ्यांचा त्रास असणाऱ्यांसाठी डोलीची सोय असते. माकडांचा उपद्रव असल्याने खाण्याचे जिन्नस हातात धरू नयेत. लेणी सोमवारी बंद असतात. पावसाळ्यात समुद्र खवळलेला असताना बोटी रद्द होतात. १८ डिसेंबर २०२४ रोजी घारापुरीकडे निघालेल्या प्रवासी बोटीला नौदलाच्या वेगवान बोटीची धडक बसून जीवितहानी झाली. बोटीत चढताच लाइफ जॅकेट मागून घ्यावे आणि ते अंगात घालून बसावे. पोहता येते की नाही, हा प्रश्न येथे गैरलागू आहे. प्रमाणापेक्षा अधिक प्रवासी भरलेली बोट सोडून पुढच्या बोटीची वाट पाहावी.

पंचांगातून भरतीची वेळ

समुद्रापासून दूर राहणाऱ्याला मुंबईत गेल्यावर कोडे पडते ते भरती-ओहोटीचे. सकाळी भिंतीला धडकणारे पाणी दुपारी मागे सरकून खडक उघडे पडतात. समुद्राला दिवसातून साधारणपणे दोनदा भरती आणि दोनदा ओहोटी येते. भरतीनंतर सव्वासहा तासांच्या सुमारास ओहोटी असते आणि रोजची वेळ सुमारे पाऊण तासाने पुढे सरकते. चंद्राच्या गतीशी हे निगडित असल्याने कोकणातील दर्यावर्दी लोकांनी त्याचा एक सोपा हिशेब बसवला आहे. तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची ढोबळ वेळ मिळते. चतुर्थीला तीनच्या सुमारास, अष्टमीला सहाच्या सुमारास, तर पौर्णिमेला आणि अमावास्येला सव्वाअकरा ते बाराच्या दरम्यान. पक्ष शुद्ध असो वा वद्य, हिशेब तोच. परभणीतील घरोघरच्या भिंतीवर टांगलेल्या दिनदर्शिकेत तिथी असतेच. तेवढ्यावर मुंबईच्या समुद्राची वेळ घरबसल्या काढता येते.

या हिशेबाचा उपयोग दोन ठिकाणी होतो. मरीन ड्राइव्हच्या कठड्यावर बसायचे तर भरतीची वेळ अधिक रमणीय. मात्र पावसाळ्यातील मोठ्या भरतीच्या वेळी लाटा कठडा ओलांडतात, तेव्हा तेथे थांबणे धोक्याचे आहे. दुसरे ठिकाण म्हणजे हाजी अली. समुद्रातील या दर्ग्याकडे जाणारी वाट मोठ्या भरतीत पाण्याखाली जाते आणि भाविकांना ओहोटीपर्यंत थांबावे लागते. परभणीच्या हजरत तुराबुल हक दर्ग्याच्या उरुसाला वर्षानुवर्षे सर्व धर्मांचे लोक जातात. त्यांना हाजी अलीचे वातावरण ओळखीचे वाटेल. मुंबई उच्च न्यायालयाच्या २०१६ मधील निकालानंतर दर्ग्याच्या मजारीपर्यंत जाण्याचा मार्ग महिलांसाठी पुन्हा खुला झाला आहे.

शनिवार दुपार : संग्रहालय, मग मरीन ड्राइव्ह

घारापुरीहून परतल्यावर दुपारी उन्हात फिरणे टाळावे. परभणीचा उन्हाळा कडक असला तरी कोरडा असतो. मुंबईत पारा कमी दिसतो. परंतु दमट हवेमुळे घाम वाळत नाही आणि थकवा लवकर येतो. ही वेळ छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयासाठी राखून ठेवावी. पूर्वी प्रिन्स ऑफ वेल्स म्युझियम म्हणून ओळखली जाणारी ही वास्तूही जॉर्ज विटेट यांचीच. तिची पायाभरणी १९०५ मध्ये झाली आणि १९२२ मध्ये ती संग्रहालय म्हणून जनतेसाठी खुली झाली. लघुचित्रे, प्राचीन शिल्पे, सिंधू संस्कृतीचे अवशेष आणि शस्त्रे अशी दालने येथे आहेत. सगळी पाहण्याचा हट्ट न धरता दोन-तीन दालने निवडल्यास दोन तास सत्कारणी लागतात. शेजारीच १९५२ मध्ये सुरू झालेली जहांगीर कलादालनाची इमारत आहे. तेथील प्रदर्शने विनामूल्य पाहता येतात.

सूर्यास्तापूर्वी मरीन ड्राइव्ह गाठावा. हिवाळ्यात सूर्य दक्षिणेकडे कललेला असल्याने येथून तो थेट समुद्रात बुडताना दिसतो. उन्हाळ्यात तो मलबार हिलच्या आड जातो. रस्त्याच्या दुसऱ्या बाजूला गोलाकार सज्जांच्या इमारतींची रांग दिसते. १९३० आणि १९४० च्या दशकांतील ही आर्ट डेको शैली होय. ओव्हल मैदानाभोवतीच्या व्हिक्टोरियन इमारती आणि या इमारती यांचा मिळून २०१८ मध्ये जागतिक वारसा यादीत समावेश झाला. नरिमन पॉइंटकडून गिरगाव चौपाटीपर्यंत रमतगमत चालत गेल्यास तासाभराहून थोडा अधिक वेळ लागतो आणि शेवटी भेळ खाण्याइतकी भूकही लागलेली असते.

पावसाळ्यात बोटी बंद असतील तर सकाळी महात्मा जोतिबा फुले मंडई म्हणजे जुने क्रॉफर्ड मार्केट पाहावे. १८६९ मधील या मंडईच्या प्रवेशद्वारावरील शेतकऱ्यांची शिल्पे परभणीसारख्या शेतीप्रधान जिल्ह्यातील पर्यटकाने मुद्दाम थांबून पाहावीत. समोरच्या बाजूस फालुदा मिळतो.

रविवार सकाळ : रिकामा फोर्ट

फोर्ट हा कार्यालयांचा भाग. एरवी येथे पाय ठेवायला जागा नसते. रविवारी सकाळी मात्र रस्ते ओस पडलेले असतात. इमारती मान वर करून निवांत पाहण्याची हीच वेळ. सुरुवात ज्या स्थानकात उतरलो, तेथूनच करावी. फ्रेडरिक विल्यम स्टीव्हन्स यांच्या आराखड्यानुसार १८७८ मध्ये सुरू झालेले स्थानकाचे बांधकाम दहा वर्षे चालले. घाईत गाडी पकडणाऱ्याला न दिसणारे मोर, माकडे आणि पानाफुलांचे कोरीव काम भिंतीभर आहे. २००४ मध्ये या वास्तूला जागतिक वारशाचा दर्जा मिळाला. समोरची महापालिकेची इमारतही स्टीव्हन्स यांचीच. ती १८९३ मध्ये पूर्ण झाली. याच परिसरातील बोरीबंदरहून १६ एप्रिल १८५३ रोजी ठाण्याकडे देशातील पहिली प्रवासी रेल्वे धावली.

स्थानकापासून दहा-पंधरा मिनिटे चालत गेले की हुतात्मा चौक येतो. परभणीच्या पर्यटकाने येथे थोडे अधिक थांबावे. १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत परभणी निजामाच्या राज्यात होती आणि तिची राजधानी हैदराबाद. १ नोव्हेंबर १९५६ रोजी मराठवाडा द्वैभाषिक मुंबई राज्यात आला आणि त्या दिवसापासून मुंबई परभणीची राजधानी झाली. त्याच्या आदल्या वर्षी, २१ नोव्हेंबर १९५५ रोजी, याच चौकात आंदोलकांवर गोळीबार होऊन १५ जणांनी प्राण गमावले होते. मुंबईसह संयुक्त महाराष्ट्र व्हावा म्हणून प्राण दिलेल्यांचे स्मारक येथे आहे. मुंबई ही ‘आपली’ राजधानी आहे, या वाक्याची किंमत या ठिकाणी कळते.

पुढे एका बाजूस हॉर्निमन सर्कलचे वर्तुळाकार उद्यान, १८३३ मधील टाऊन हॉल आणि ‘मुंबई समाचार’ची इमारत आहे. १८२२ मध्ये सुरू झालेले हे गुजराती वृत्तपत्र आजही प्रसिद्ध होते. दुसऱ्या बाजूस उच्च न्यायालय आणि विद्यापीठाचा राजाबाई टॉवर. सुमारे २८० फूट उंचीच्या या मनोऱ्याला दानशूर व्यापारी प्रेमचंद रायचंद यांच्या आईचे नाव दिले गेले. समोरच्या ओव्हल मैदानावर रविवारी एकाच वेळी क्रिकेटचे अनेक सामने रंगलेले असतात. एका सामन्याचा क्षेत्ररक्षक दुसऱ्या सामन्याच्या खेळपट्टीजवळ उभा असतो, तरीही कोणाचा गोंधळ होत नाही.

रविवार दुपार : दादरकडे

रविवारी मध्य रेल्वेवर दुरुस्तीसाठी बहुधा मेगाब्लॉक असतो. लोकल उशिरा धावतात आणि गर्दी वाढते. लोकलचा अनुभव घ्यायचाच असेल तर शनिवारी दुपारी घ्यावा. दोघांनी मिळून सर्वसाधारण डब्यात बसावे. पत्नी महिलांच्या डब्यात आणि पती दुसरीकडे चढला, तर नवख्या स्थानकावर चुकामूक होण्याची शक्यता असते. कोणत्या स्थानकावर उतरायचे आणि कोठे थांबायचे, हे आधीच ठरवून ठेवावे.

रविवारसाठी मेट्रोचा पर्याय आता उपलब्ध आहे. कफ परेड ते आरे ही भुयारी मेट्रो ऑक्टोबर २०२५ मध्ये पूर्णपणे सुरू झाली. तिच्यावर सीएसएमटी, सिद्धिविनायक आणि दादर ही तिन्ही स्थानके असल्याने गाडी न बदलता दादर गाठता येते. सिद्धिविनायकाचे दर्शन, चैत्यभूमी आणि शिवाजी पार्क ही ठिकाणे एकमेकांच्या जवळ आहेत. मंदिरात मंगळवारी होणारी प्रचंड गर्दी रविवारी तुलनेने कमी असते, तरीही तासभर हाताशी ठेवावा. दादरमध्ये साड्यांची खरेदीही होते. ती जेवणाच्या आधी करावी की नंतर, हा निर्णय दाम्पत्याने आपसांत घ्यावा. परतीच्या गाडीची वेळ मात्र दोघांनीही लक्षात ठेवावी.

काय खावे, कोठे खावे

मुंबईच्या खाण्यामागे तिथल्या कष्टकऱ्यांचा इतिहास आहे. गिरणी कामगाराला कमी वेळात, कमी पैशांत आणि उभ्याने खाता येईल असे अन्न हवे होते. पावभाजी आणि वडापाव त्यातूनच लोकप्रिय झाले. १९६६ च्या सुमारास दादर स्थानकाबाहेर पहिला वडापाव विकला गेला, असे सांगितले जाते. १९८२ च्या संपानंतर गिरण्या ओसरल्या. वडापाव मात्र राज्यभर पसरला. परभणीतही तो गाड्यागाड्यावर मिळतो. तरी सीएसएमटीसमोरच्या ‘आराम’मध्ये किंवा दादरला कीर्ती महाविद्यालयाजवळ तो एकदा खाऊन पाहावा. लसणाच्या कोरड्या चटणीचा आणि बेसनाच्या कुरकुरीत चुऱ्याचा फरक लक्षात येतो.

दुसरा अनुभव इराणी हॉटेलचा. इराणातून आलेल्या झोरोस्ट्रियन कुटुंबांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून चौकाचौकांत ही हॉटेले थाटली. संगमरवरी टेबले, वेताच्या बैठकीच्या लाकडी खुर्च्या आणि कडक चहा ही त्यांची ओळख. त्यांची संख्या आता थोडी उरली आहे. धोबी तलाव येथील ‘कयानी’ १९०४ पासून सुरू आहे. बन मस्का चहात बुडवून खायचा असतो. तेथे कोणी त्याकडे वळून पाहत नाही. बॅलार्ड इस्टेटमधील १९२३ चे ‘ब्रिटानिया’ बेरी पुलावासाठी प्रसिद्ध आहे. मात्र फोर्ट परिसरातील अनेक दुकाने आणि काही उपाहारगृहे रविवारी बंद असतात. त्यामुळे या भागातील खाणे शनिवारी उरकावे.

मांसाहारी दाम्पत्याने एक जेवण मासळीचे घ्यावे. परभणी जिल्ह्यात मिळणारी मासळी गोड्या पाण्याची. येलदरीच्या जलाशयातील रोहू-कटला किंवा गोदावरीतील. समुद्राच्या मासळीची चव, काटा आणि शिजवण्याची पद्धत निराळी. प्रथमच खाणाऱ्याने सुरमईपासून सुरुवात करावी. तिला काटे कमी असतात. पापलेट नाजूक, तर ताजा बोंबील इतका मऊ असतो की तो रव्यात घोळवून तळला नाही तर हाती लागत नाही. मराठवाड्याच्या जेवणात तिखट असते ते मिरची आणि काळ्या मसाल्याचे. मालवणी जेवणात ते ओल्या नारळात मुरलेले असते. सोबतची सोलकढी ताकासारखी अधूनमधून घ्यावी. राज्यात १ जून ते ३१ जुलै या काळात यांत्रिक नौकांना मासेमारीबंदी असते. तेव्हा ताजी मासळी कमी आणि महाग मिळते.

शाकाहारी दाम्पत्यासाठी दादर हेच योग्य ठिकाण. ‘प्रकाश’, ‘आस्वाद’ आणि ‘मामा काणे’ ही नावे मराठी घरांत परिचित आहेत. साबुदाणा वडा, थालीपीठ, पीयूष, मिसळ हे पदार्थ परभणीच्या पाहुण्याला परके नाहीत. परंतु घरी रोज स्वयंपाक करणाऱ्या गृहिणीला तेच पदार्थ कोणीतरी गरम वाढून देणे, हे सहलीचे एक मोठे सुख आहे. ज्वारीच्या भाकरीची सवय असणाऱ्यांनी एवढे ध्यानात ठेवावे की दोन दिवस पाव, मैदा आणि तळण यांचा मारा पोटाला सोसत नाही. दिवसातून एक जेवण साधे घ्यावे. रस्त्यावरचे बर्फ घातलेले सरबत टाळावे.

खर्च आणि सावधगिरी

या सहलीत मोठा खर्च खोलीचा आणि रेल्वे आरक्षणाचा. पाहण्याची ठिकाणे बहुतेक विनामूल्य किंवा अल्प शुल्काची आहेत. समुद्र, फोर्ट आणि मरीन ड्राइव्ह यांना तिकीट नाही. खर्च वाढतो तो चुकलेल्या वेळेमुळे. गाडी चुकली की टॅक्सी, खोली दूर घेतली की टॅक्सी, जेवण वेळेवर झाले नाही की दिसेल ते महागडे हॉटेल. म्हणून दिवसाला तीनपेक्षा अधिक ठिकाणे ठरवू नयेत.

सहलीसाठी नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ उत्तम. त्या दिवसांत परभणीत कृषी विद्यापीठाच्या नोंदीत पारा अनेकदा दहा अंशांखाली जातो. मुंबईत मात्र दुपारी घाम येतो. उबदार कपडे गाडीपुरतेच घ्यावेत आणि मुंबईसाठी सुती कपडे असावेत. दागिने घरी ठेवावेत. रोख रक्कम दोघांत विभागून घ्यावी आणि लॉजचा पत्ता दोघांच्याही मोबाइलमध्ये असावा.

मुले किंवा वृद्ध आई-वडील घरी असतील तर दोन दिवसांची सोय लावणे हाच सहलीतील सर्वांत अवघड भाग ठरतो. त्यासाठी नणंद, जाऊ किंवा शेजारी यांच्याशी आधीच बोलून ठेवावे लागते. काम नसतानाही दोघे मुंबईला कशाला चालले, असा प्रश्न अजूनही काही घरांत विचारला जातो. पाहायला, एवढे उत्तर त्याला पुरेसे आहे. आरक्षणाचे तिकीट साठ दिवस आधी काढलेले असेल तर हे उत्तर देणेही सोपे जाते.